मानवी वारेतील सायटोकाइने

मानवी वारेतील सायटोकाइने म्हणजे गर्भारपणाच्या काळात वार, तिच्या खालचे गर्भाशयाचे अस्तर आणि गर्भाभोवतीची पटले यांतील पेशींनी स्रवलेली लहान संदेशवाहक प्रथिने होत. रोगप्रतिकार यंत्रणेच्या पेशी ज्या प्रथिनांच्या द्वारे एकमेकींशी संपर्क साधतात, त्या सर्वांना सायटोकाइने ही सामान्य संज्ञा आहे. इंटरल्यूकिने, इंटरफेरॉने, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर (टीएनएफ), वसाहत-उद्दीपक घटक आणि रूपांतरक वाढघटक बीटा (टीजीएफ-बीटा) ही या कुलातील प्रमुख घराणी आहेत. गर्भाची निम्मी जनुके पित्याकडून आलेली असल्याने मातेच्या प्रतिकार यंत्रणेच्या दृष्टीने गर्भ अंशतः परका असतो. तरीही तो सुमारे ४० आठवडे तिच्या शरीरात सुरक्षित वाढतो. हे कसे घडते, याच्या उत्तराचा मोठा भाग या प्रथिनांच्या कार्यात आहे. गर्भाचे रोपण, वारेच्या रक्तपुरवठ्याची उभारणी, संसर्गापासून संरक्षण आणि प्रसूतीचा आरंभ या चारही टप्प्यांवर त्यांचा सहभाग असतो. त्यांचा तोल बिघडल्यास अकाली प्रसूती, गर्भारपणातील रक्तदाबाचे विकार आणि गर्भाची खुंटलेली वाढ यांसारखे परिणाम संभवतात.

संज्ञा

मराठीत गर्भाशयाच्या भिंतीला चिकटलेल्या चकतीसारख्या इंद्रियाला वार आणि वार व गर्भ यांना जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाला नाळ म्हणतात. बोलताना या दोहोंची सरमिसळ होते आणि वृत्तपत्रांतील आरोग्यविषयक लेखनातही पुष्कळदा वारेलाच नाळ म्हटलेले आढळते. प्रस्तुत विषयात हा भेद पाळणे आवश्यक आहे, कारण येथे वर्णिलेल्या घडामोडी नाळेत नव्हे, वारेत घडतात. आयुर्वेदीय ग्रंथांत वारेसाठी ‘अपरा’ हा शब्द येतो आणि शास्त्रीय मराठीनेही तो स्वीकारला आहे. प्लॅसेंटा या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ चपटी पोळी असा आहे. पूर्ण दिवसांची वार सुमारे ५०० ग्रॅम वजनाची आणि २० ते २२ सेंटिमीटर व्यासाची असते, हे पाहता ती उपमा चुकीची वाटत नाही.

‘सायटोकाइन’ हा शब्द पेशी व गती या अर्थांच्या ग्रीक धातूंवरून बनवलेला असून तो १९७४ मध्ये स्टॅन्ली कोहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. त्यापूर्वी अशा द्रव्यांना लिम्फोकाइने म्हणत, कारण ती केवळ लसीकापेशीच तयार करतात असा समज होता. इतर पेशीही ती तयार करतात असे दिसून आल्यावर अधिक व्यापक नावाची गरज भासली. वारेच्या बाबतीत हा बदल विशेष सार्थ ठरला. वारेची बाह्य पेशी म्हणजे ट्रोफोब्लास्ट ही रोगप्रतिकार यंत्रणेची पेशी नाही, तरी ती अनेक सायटोकाइने स्वतः निर्माण करते.

या प्रथिनांच्या नावांवरून त्यांचे कार्य ओळखण्याचा मोह टाळावा. बहुतेक नावे त्या त्या प्रथिनाच्या प्रथम लक्षात आलेल्या गुणधर्मावरून पडली आहेत. ल्युकेमिया-रोधक घटक हे नाव उंदरांच्या रक्तकर्कपेशींवरील प्रयोगांतून आले, पण त्याचे सर्वांत ठळक कार्य गर्भरोपणात आहे. टीएनएफ हा अर्बुद नष्ट करणारा घटक म्हणून ओळखला गेला, पण वारेच्या अभ्यासात त्याचा संबंध दाह, मलेरिया आणि प्रसूतिकळांशी येतो.

माता व गर्भ यांच्या पेशींची भेट

वार ही माता व गर्भ यांच्यातील एक जाड भिंत आहे, असे चित्र पूर्वी पाठ्यपुस्तकांतून उभे केले जाई. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंच्या पेशी किमान तीन ठिकाणी एकमेकींच्या निकट सान्निध्यात येतात आणि प्रत्येक ठिकाणचा संवाद वेगळा असतो.

पहिले स्थान म्हणजे वारेचे अंकुर. झाडाच्या मुळांसारखे फाटे फुटलेले हे अंकुर मातेच्या रक्ताने भरलेल्या पोकळीत बुडालेले असतात. पूर्ण वाढलेल्या वारेत त्यांचे एकूण पृष्ठफळ सुमारे १० ते १४ चौरस मीटर भरते. त्यांच्या सर्वांत बाहेरच्या थरात असंख्य पेशी एकमेकींत विलीन झालेल्या असल्याने पेशींमधल्या सीमा उरत नाहीत. त्यामुळे मातेच्या पांढऱ्या पेशींना दोन पेशींच्या फटीतून आत शिरण्यास वाट मिळत नाही. या थरावर ऊतींची ओळख पटवणारी एचएलए प्रथिनेही नसतात. थोडक्यात, येथे गर्भ आपली ओळखच दाखवत नाही. या विलीनीकरणासाठी लागणारे सिन्सिटिन हे प्रथिन लक्षावधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या जनुकसंचात शिरलेल्या एका विषाणूचे आहे, हे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले.

दुसरे स्थान गर्भाशयाचे अस्तर. गर्भ रुजताना या अस्तराचे स्वरूप पालटते आणि प्रसूतीच्या वेळी ते वारेबरोबर गळून पडते, म्हणून त्याला पतनशील अस्तर म्हणतात. अंकुरांच्या टोकांपासून सुटलेल्या ट्रोफोब्लास्ट पेशी या अस्तरात खोलवर शिरतात. या पेशी मात्र पूर्णपणे अनोळखी राहत नाहीत. त्यांच्यावर एचएलए-ए व एचएलए-बी ही प्रत्यारोपणात सर्वाधिक विरोध ओढवून घेणारी प्रथिने नसतात, पण एचएलए-सी, एचएलए-ई आणि एचएलए-जी असतात. यांपैकी एचएलए-जी प्रामुख्याने या पेशींतच आढळते.

तिसरे स्थान गर्भाभोवतीची पटले. ती गर्भाशयाच्या आतल्या बाजूला टेकलेली असतात. सर्वसाधारण गर्भारपणात तेथे फारशी हालचाल नसते, पण योनिमार्गाने वर चढणारा संसर्ग सर्वप्रथम याच भागाशी येऊन थडकतो.

याखेरीज अंकुरांच्या गाभ्यात हॉफबाउअर पेशी नावाच्या भक्षक पेशी असतात. त्या मातेच्या नसून गर्भाच्या असतात. म्हणजे सायटोकाइनांची देवाणघेवाण एकतर्फी नसते. माता आणि गर्भ दोघेही बोलतात आणि दोघेही ऐकतात.

कार्यपद्धती

सायटोकाइन पेशीबाहेर पडून दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरील विशिष्ट ग्राही प्रथिनाला चिकटते. त्यामुळे त्या पेशीच्या आत संदेशांची साखळी सुरू होते आणि अखेर काही जनुके कार्यान्वित होतात, तर काही थांबतात. संप्रेरके रक्तातून दूरवर प्रवास करतात. सायटोकाइने बहुधा शेजारच्या पेशींपुरती मर्यादित राहतात. त्यांची मात्रा पिकोग्रॅममध्ये मोजली जाते. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. दंडातून काढलेल्या रक्ताच्या तपासणीवरून वारेतील स्थितीचा अंदाज बांधणे कठीण का, याचे कारण या स्थानिकतेत आहे.

मेडावर यांचा प्रश्न

ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाजलेल्या रुग्णांवरील त्वचारोपणाचा अभ्यास केला होता. परक्याची त्वचा शरीर नाकारते, हे त्यांना ठाऊक होते. मग परका गर्भ का नाकारला जात नाही, असा प्रश्न त्यांनी १९५३ मध्ये मांडला आणि तीन संभाव्य उत्तरे सुचवली. माता व गर्भ शरीररचनेने एकमेकांपासून अलग असतात, किंवा गर्भाच्या ऊती परक्या म्हणून ओळखल्या जाण्याइतक्या परिपक्व नसतात, किंवा मातेची प्रतिकार यंत्रणा त्या काळात मंदावलेली असते. प्रतिकार यंत्रणेच्या सहिष्णुतेवरील कार्यासाठी मेडावर यांना फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांच्यासह १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यांचा प्रश्न आजही टिकून आहे, पण तिन्ही उत्तरे त्या स्वरूपात टिकली नाहीत. पेशी एकमेकींना भिडतात, हे वर आलेच आहे. गर्भाच्या ऊती ओळखल्या जातात, कारण अनेक मातांच्या रक्तात पित्याच्या एचएलए प्रथिनांविरुद्ध प्रतिद्रव्ये सापडतात. मातेची प्रतिकारशक्ती सरसकट मंदावत असती, तर प्रत्येक गर्भिणी वारंवार आजारी पडली असती. गरोदर स्त्रियांना इन्फ्लूएन्झा व मलेरियासारखे काही आजार अधिक तीव्रतेने होतात हे खरे, पण त्या धनुर्वाताच्या लशीला उत्तम प्रतिसाद देतात. ‘गर्भारपणात प्रतिकारशक्ती कमी होते’ हे प्रचलित विधान म्हणूनच अर्धवट आहे. ती कमी होत नाही, तिची मांडणी बदलते.

दोन गटांचा सिद्धान्त आणि त्याची मर्यादा

१९८६ मध्ये टिम मॉसमन व रॉबर्ट कॉफमन यांनी उंदरांच्या सहायक टी-पेशींचे त्या स्रवत असलेल्या सायटोकाइनांवरून दोन गट पाडले. पहिला गट इंटरफेरॉन-गॅमासारखी, थेट पेशीहल्ल्याला चालना देणारी द्रव्ये स्रवतो. दुसरा गट इंटरल्यूकिन-४ सारखी, प्रतिद्रव्यांच्या निर्मितीला पोषक द्रव्ये स्रवतो. दोन्ही गट एकमेकांना दाबून धरतात.

कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाचे टॉमस वेगमान यांनी मॉसमन व अन्य सहकाऱ्यांसह १९९३ मध्ये हा विचार गर्भारपणाला लागू केला. यशस्वी गर्भारपणात पारडे दुसऱ्या गटाकडे झुकते आणि ते झुकवण्यास वारच कारणीभूत असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याला रुग्णालयांतील अनुभवाचाही आधार होता. अमेरिकी वैद्य फिलिप हेंच यांनी १९३८ मध्येच नोंदवले होते, की संधिवाताभ अस्थिसंधिशोथ म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस हा विकार असलेल्या स्त्रियांना गर्भारपणात आराम पडतो आणि बाळंतपणानंतर सांधे पुन्हा दुखू लागतात. या विकारात पेशीहल्ल्याचा भाग मोठा आहे. याउलट प्रतिद्रव्यांचे प्राबल्य असलेला ल्यूपस हा विकार गर्भारपणात बळावू शकतो. दोन पारड्यांच्या तराजूत हे सारे नेमके बसत होते.

ही कल्पना समजण्यास सोपी असल्याने तिचा झपाट्याने प्रसार झाला आणि अजूनही अनेक पुस्तकांत ती शेवटचा शब्द म्हणून शिकवली जाते. मात्र पुढील प्रयोगांनी तिला धक्के दिले. इंटरल्यूकिन-४ आणि इंटरल्यूकिन-१० ही ‘हितकर’ म्हणवली जाणारी दोन्ही सायटोकाइने नसलेल्या उंदीर-माद्यांतही परक्या नराचा गर्भ टिकून राहिला. दुसरीकडे ‘घातक’ ठरवलेले इंटरफेरॉन-गॅमा वारेच्या रक्तपुरवठ्याच्या उभारणीत उपयोगी पडते, असे २००० मध्ये अली अश्कर, अ‍ॅन क्रॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांत दाखवले. सायटोकाइने चांगली व वाईट अशा दोन रांगांत उभी करता येत नाहीत. एकच रेणू एका आठवड्यात आवश्यक, तर दुसऱ्यात अपायकारक ठरू शकतो. आज गर्भारपणाचे तीन टप्पे मानले जातात. रोपणाचा आरंभकाळ दाहकारक सायटोकाइनांचा, मधला दीर्घ काळ दाहशामक सायटोकाइनांचा आणि प्रसूतीचा काळ पुन्हा दाहकारक सायटोकाइनांचा असतो.

रोपणाचा काळ

फलनानंतर साधारण सहाव्या-सातव्या दिवशी गर्भ गर्भाशयाच्या अस्तराला चिकटू लागतो. हे रोपण म्हणजे एका अर्थी जखमच असते. गर्भाच्या पेशी अस्तर भेदून आत शिरतात, ऊती मोडतात व पुन्हा बांधल्या जातात. जखम भरून येताना ज्या सायटोकाइनांची गरज असते, तीच येथेही लागतात. इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-११ आणि ल्युकेमिया-रोधक घटक ही त्यांतील काही होत.

यांपैकी शेवटच्या घटकाचा इतिहास बोधप्रद आहे. कॉलिन स्ट्यूअर्ट व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हा घटक निर्माण न करणाऱ्या उंदीर-माद्या तयार केल्या. त्यांच्या पोटात गर्भ तयार होत, पण रुजत नसत. तेच गर्भ सामान्य मादीच्या गर्भाशयात ठेवल्यास मात्र ते रुजून वाढत. म्हणजे दोष बीजात नव्हता, जमिनीत होता. साहजिकच वारंवार रोपण न होणाऱ्या स्त्रियांना हा घटक औषध म्हणून द्यावा, अशी कल्पना पुढे आली. परंतु २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे इंजेक्शन दिल्याने कृत्रिम गर्भधारणेचे यश वाढले नाही.

गायी-मेंढ्यांसारख्या रवंथ करणाऱ्या प्राण्यांत गर्भाने मातेला आपल्या अस्तित्वाची पहिली वर्दी देण्याचे काम इंटरफेरॉन-टाऊ हे सायटोकाइन करते. मानवात ते नसते. मानवी गर्भ त्यासाठी एचसीजी हे संप्रेरक वापरतो आणि गर्भधारणेच्या घरगुती लघवी-चाचणीत तेच तपासले जाते.

सर्पिल धमन्यांची पुनर्रचना

गर्भाशयाच्या अस्तराला रक्त पुरवणाऱ्या धमन्या स्क्रूसारख्या पिळदार असल्याने त्यांना सर्पिल धमन्या म्हणतात. एरवी त्यांच्या भिंतीत स्नायू असतात आणि मातेच्या गरजेनुसार त्या आकुंचन पावतात. गर्भारपणात ही मुभा राहून चालत नाही. माता घाबरली, थंडीने कुडकुडली वा तिला रक्तस्राव झाला, तरी गर्भाचा रक्तपुरवठा तुटता कामा नये. म्हणून ट्रोफोब्लास्ट पेशी या धमन्यांत शिरतात, त्यांच्या भिंतीतील स्नायू नाहीसे होतात आणि त्यांची तोंडे नरसाळ्यासारखी रुंदावतात. मग त्यांतून रक्त मोठ्या प्रमाणात, पण संथपणे व कमी दाबाने वाहते. अंकुर नाजूक असल्याने हा संथपणाही आवश्यक असतो.

या बांधकामावर देखरेख करणाऱ्या पेशींचे नाव मात्र भीतिदायक आहे. त्या नैसर्गिक मारक पेशी होत. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत पतनशील अस्तरातील पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के याच असतात. रक्तातील त्यांच्या नामबंधू विषाणुग्रस्त पेशींना ठार करतात. गर्भाशयातील या पेशी मारण्यात मंद असतात, पण सायटोकाइने स्रवण्यात तत्पर असतात. अस्तरात तयार होणारे इंटरल्यूकिन-१५ त्यांना वाढवते. त्या स्वतः इंटरल्यूकिन-८ आणि आयपी-१० ही आकर्षक द्रव्ये सोडून ट्रोफोब्लास्ट पेशींना योग्य दिशेने ओढतात, तसेच रक्तवाहिन्यांच्या वाढीचे घटक पुरवतात.

या देखरेखीत आनुवंशिकतेचाही वाटा आहे. मारक पेशींवरील केआयआर नावाचे ग्राही गर्भाच्या एचएलए-सी प्रथिनाची ओळख पटवतात. केंब्रिज येथील अ‍ॅशली मॉफेट यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले, की मातेचे केआयआर आणि गर्भाचे एचएलए-सी यांच्या ठरावीक जोड्यांत प्रीएक्लॅम्पसियाचा धोका वाढतो. येथे अडचण होते ती मारक पेशी फार चेतल्यामुळे नव्हे, तर फार दबल्यामुळे. हा निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित वाटला. थोडी चेतना ही वारेची गरज आहे, असा त्याचा अर्थ होतो.

मधला काळ

तिसऱ्या महिन्याच्या अखेरीपासून दाहशामक सायटोकाइनांचे वर्चस्व सुरू होते. इंटरल्यूकिन-१० आणि टीजीएफ-बीटा ही त्यांतील प्रमुख होत. ती ट्रोफोब्लास्ट, हॉफबाउअर पेशी, अस्तरातील महाभक्षी पेशी आणि नियामक टी-पेशी अशा अनेक स्रोतांतून येतात. नियामक टी-पेशी पित्याच्या प्रथिनांविरुद्धचा हल्ला आवरून धरतात. उंदरांत या पेशी काढून टाकल्यास परक्या नराचे गर्भ टिकत नाहीत, असे २००४ मध्ये दिसून आले. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा प्रभावही याच दिशेने पडतो.

इंटरल्यूकिन-१० नसलेल्या माद्या स्वच्छ प्रयोगशाळेत सुखरूप वितात. मात्र त्यांना जंतूंच्या आवरणातील विषाचा अत्यल्प अंश टोचला, की त्यांचे गर्भ दगावतात. सामान्य माद्या तेवढा अंश सहन करतात. शांत काळात या सायटोकाइनाची उणीव जाणवत नाही, संकटकाळी मात्र ते निर्णायक ठरते.

प्रसूतीचा आरंभ

दिवस भरत येताच पारडे पुन्हा फिरते. गर्भाशयाचे मुख, पटले आणि स्नायू यांत पांढऱ्या पेशी जमू लागतात. इंटरल्यूकिन-८ त्यांना बोलावते. त्यांच्यापासून निघालेल्या विकरांमुळे मुखातील घट्ट तंतू विरघळतात व ते मऊ पडते. इंटरल्यूकिन-१-बीटा व टीएनएफ यांच्या प्रभावाने प्रोस्टाग्लँडिने तयार होतात आणि कळांना जोर येतो. शेळीसारख्या प्राण्यांत प्रसूतीपूर्वी रक्तातील प्रोजेस्टेरॉन झपाट्याने घटते. मानवात तसे घडत नाही. त्याची पातळी तशीच राहते, पण गर्भाशय त्याला जुमानेनासे होते, आणि या बदलामागेही दाहकारक संदेशांचा हात आहे.

संसर्ग आणि वार

वार केवळ मातेच्या प्रतिकार यंत्रणेवर विसंबून राहत नाही. अंकुरांच्या बाहेरच्या थरातील पेशी कोणताही विषाणू आलेला नसतानाही इंटरफेरॉन-लॅम्डा सतत स्रवत असतात. ब्राझीलमधील झिका साथीच्या पार्श्वभूमीवर २०१६ मध्ये कॅरोलिन कॉइन, योएल सादोव्स्की व सहकाऱ्यांनी दाखवले, की या द्रव्यामुळे त्या पेशी झिका विषाणूला दाद देत नाहीत. तरीही त्या साथीत अनेक बालके लहान डोक्याची जन्मली. विषाणू बहुधा अधिक कोवळ्या वारेतून किंवा अन्य पेशींच्या मार्गाने आत शिरत असावा, असे मानले जाते. हॉफबाउअर पेशींना झिकाची लागण होऊ शकते.

मलेरियाची रीत वेगळी आहे. प्लास्मोडियम फाल्सिपेरम या परजीवीने ग्रासलेल्या तांबड्या पेशी व्हीएआर-२-सीएसए या प्रथिनाच्या योगाने वारेतील एका विशिष्ट शर्करा-रेणूला चिकटतात आणि अंकुरांभोवतीच्या पोकळीत साचून राहतात. त्यांच्यामागोमाग मातेच्या भक्षक पेशी गोळा होतात व टीएनएफ आणि इंटरफेरॉन-गॅमा वाढतात. परजीवी बहुधा गर्भापर्यंत पोहोचत नाही. गर्भाचे नुकसान या दाहामुळे व खुंटलेल्या पोषणामुळे होते. परिणामी बाळाचे वजन कमी भरते आणि मातेला रक्तक्षय होतो. पहिलटकरणीला याचा धोका अधिक असतो, कारण या प्रथिनाविरुद्धची प्रतिद्रव्ये पुढील खेपांत तयार होत जातात. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात फाल्सिपेरम मलेरियाचे प्रमाण पूर्वीपासून मोठे असल्याने तेथील गर्भिणींच्या दृष्टीने हा प्रश्न पुस्तकी नाही.

तोल बिघडल्याने होणारे विकार

अकाली प्रसूती. ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वीच्या जन्माला अकाली जन्म म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना व सहयोगी संस्थांच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बालके अपुऱ्या दिवसांची जन्मली आणि त्यांतील सुमारे ३० लाख भारतात जन्मली. अकाली प्रसूतीची कारणे अनेक आहेत, पण गर्भजलातील संसर्ग हे सर्वांत स्पष्टपणे सिद्ध झालेले कारण होय. जंतू पटलांपर्यंत पोहोचले, की तेथील पेशी इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ व टीएनएफ सोडतात आणि वर वर्णिलेली प्रसूतीची साखळी वेळेआधीच सुरू होते. या यंत्रणेत एक कठोर तर्क दिसतो. दूषित गर्भाशयात राहण्यापेक्षा बाहेर पडणे बरे, असा जणू शरीराचा हिशेब असतो. मात्र बाळाला त्याची किंमत मोजावी लागते. नाळेतील रक्तात इंटरल्यूकिन-६ चे प्रमाण दर मिलिलिटरला ११ पिकोग्रॅमहून अधिक असल्यास त्या अवस्थेला गर्भीय दाह-प्रतिसाद लक्षणसमूह म्हणतात. अशा बालकांत फुप्फुसे व मेंदू यांना इजा होण्याचा धोका जास्त असतो.

प्रीएक्लॅम्पसिया. गर्भारपणाच्या २० आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक होणे आणि त्याबरोबर लघवीतून प्रथिने जाणे वा यकृत, मूत्रपिंड आदी इंद्रियांवर परिणाम होणे, हे या विकाराचे स्वरूप आहे. लवकर उद्भवणाऱ्या प्रकारात सर्पिल धमन्यांची पुनर्रचना अपुरी राहिलेली असते. रक्तपुरवठ्याच्या ओढाताणीत सापडलेली वार टीएनएफसारखी दाहकारक सायटोकाइने आणि एसएफएलटी-१ हे प्रथिन मातेच्या रक्तात सोडते. एसएफएलटी-१ हे रक्तवाहिन्यांचे पोषण करणाऱ्या घटकांना पकडून निकामी करते, असे २००३ मध्ये अनंत करुमंची यांच्या गटाने दाखवले. मूळ दोष पहिल्या काही महिन्यांतला असतो, लक्षणे मात्र पुष्कळ नंतर दिसतात. एसएफएलटी-१ व वारेचा वाढघटक पीएलजीएफ यांचे गुणोत्तर ३८ किंवा त्याहून कमी असल्यास पुढील आठवडाभरात हा विकार उद्भवण्याची शक्यता फारच कमी असते आणि काही देशांत ही तपासणी वापरात आहे. जास्त धोका असलेल्या स्त्रियांना पहिल्या तिमाहीपासून अल्प मात्रेत अ‍ॅस्पिरिन दिल्यास अकाली प्रीएक्लॅम्पसियाचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले, असे २०१७ च्या एका मोठ्या चाचणीत आढळले. हे औषध अर्थातच वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावयाचे असते.

वारंवार गर्भपात. या क्षेत्रात विज्ञानापेक्षा व्यवहार पुढे धावला आहे. गर्भपातांचे कारण सापडत नसेल, तेव्हा मातेची प्रतिकार यंत्रणा गर्भाला मारते असे सांगून रक्तातील सायटोकाइनांच्या किंवा मारक पेशींच्या महागड्या तपासण्या सुचवल्या जातात. परंतु रक्तातील मारक पेशी आणि गर्भाशयातील मारक पेशी स्वभावाने भिन्न असतात आणि एकीच्या मोजणीवरून दुसरीची स्थिती कळत नाही. पतीच्या पांढऱ्या पेशी पत्नीला टोचण्याचा उपचार १९८० च्या दशकापासून प्रचारात आला. कॅरोल ओबर व सहकाऱ्यांच्या १९९९ मधील नियंत्रित चाचणीत त्याचा लाभ दिसला नाही. उलट उपचार घेतलेल्या गटातील यश काहीसे कमीच होते. त्यानंतर २००२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने संशोधनाबाहेर हा उपचार देण्यास मज्जाव केला. भारतात तो काही ठिकाणी अद्याप दिला जातो. युरोपीय मानवी प्रजनन संस्थेची मार्गदर्शिकाही नेहमीच्या उपचारात सायटोकाइन-तपासणीचा पुरस्कार करत नाही. अशा दांपत्यांच्या दृष्टीने एक गोष्ट आश्वासक आहे. विशेष उपचाराविना केवळ नियमित देखरेखीत राहिलेल्या स्त्रियांपैकी अनेकींची पुढील खेप सुखरूप पार पडते, आणि याच कारणाने निरुपयोगी उपचारही गुणकारी भासतात.

सायटोकाइनरोधक औषधे आणि बाळाचे लसीकरण

बहुतेक सायटोकाइने वार सहजी ओलांडत नाहीत. पण टीएनएफला रोखणारी औषधे ही प्रतिद्रव्याच्या स्वरूपाची असतात. मातेची प्रतिद्रव्ये गर्भाला पोहोचवणारी जी वाहतूक वारेत असते, तिच्यातूनच इन्फ्लिक्सिमॅब व अ‍ॅडालिमुमॅब ही औषधेही पलीकडे जातात. विशेषतः शेवटच्या तिमाहीत त्यांचे प्रमाण वाढते आणि जन्मानंतर काही महिने ती बाळाच्या रक्तात राहतात. सर्टोलिझुमॅब या औषधात वाहतुकीसाठी लागणारा प्रतिद्रव्याचा भाग नसल्याने ते फारच अल्प प्रमाणात पलीकडे जाते.

भारतात या माहितीला विशेष महत्त्व आहे, कारण येथे क्षयप्रतिबंधक बीसीजी लस जन्मतःच दिली जाते आणि ती जिवंत जंतूंची असते. क्षयाच्या जंतूंना आवर घालण्यास टीएनएफ आवश्यक असतो. गर्भारपणात इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या एका मातेचे बाळ बीसीजी लस दिल्यानंतर लशीतील जंतू शरीरभर पसरून दगावल्याची नोंद २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणून अशा मातांच्या बाळांना जिवंत लशी किमान सहा महिने, व काही औषधांबाबत त्याहूनही अधिक काळ, पुढे ढकलण्याची शिफारस केली जाते. संधिवात किंवा आतड्याच्या दाहासाठी अशी औषधे घेणाऱ्या स्त्रीने प्रसूतिगृहात ही बाब आधीच सांगणे आवश्यक असते, कारण तेथे बीसीजी सर्वच नवजात बालकांना नित्यक्रमाने टोचली जाते.

अभ्यासातील अडचणी

वारेविषयीचे बरेचसे प्रायोगिक ज्ञान उंदरांवरून आलेले आहे. उंदराचे गर्भारपण सुमारे २० दिवसांचे असते, त्याच्या ट्रोफोब्लास्ट पेशी मानवातल्याइतक्या खोल शिरत नाहीत आणि त्याला प्रीएक्लॅम्पसिया आपोआप होत नाही. मानवी वार सहजपणे अभ्यासता येते ती दोनच वेळी, पहिल्या तिमाहीतील गर्भपातानंतर आणि प्रसूतीनंतर. मधल्या दीर्घ काळातील निरोगी वार पाहण्याचा मार्ग जवळपास नाही. शिवाय प्रसूती ही स्वतःच दाहाची घटना असल्याने कळा येऊन पडलेल्या वारेतील सायटोकाइने आणि शस्त्रक्रियेने, कळांपूर्वी काढलेल्या वारेतील सायटोकाइने यांची तुलना जपून करावी लागते. अलीकडे एकेका पेशीतील जनुकांची नोंद घेणाऱ्या तंत्रामुळे पहिल्या तिमाहीतील माता-गर्भ सीमेचा तपशीलवार नकाशा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत ट्रोफोब्लास्ट पेशींपासून वाढवलेल्या सूक्ष्म वार-सदृश गोळ्यांवरही त्याच वर्षापासून प्रयोग होऊ लागले आहेत.